नाटकातली बाई बाहेरची

मार्गशीर्षात यल्लम्मादेवीची जत्रा भरली की जतला रात्र होत नाही. खिलार जनावरांचा बाजार, पाळणे, भंडाऱ्यानं पिवळी झालेली कपाळं, आणि लाउडस्पीकरवर एक वाक्य मराठीत तर पुढचं कन्नडमध्ये. चौदा महिन्यांनी मुंबईहून परतले ती मी याच गर्दीत उतरले. मामांच्या घरी मामींनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं सरकवलं. पहिला घास तोंडात असतानाच मामा म्हणाले, "परत कधी जायचं?"

"अजून ठरवलं नाही."

"त्यात ठरवायचं काय? जत्रा करायची, देवीची ओटी भरायची आन् गाडीत बसायचं."

मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक, आता जतला राहतात. जतच्या पूर्व भागातल्या आमच्या गावी त्यांनी तीसेक वर्षं जत्रेतली नाटकं बसवली. मिरजेहून ड्रेपरी आणायची, शाळेच्या पटांगणात स्टेज बांधायचं, दिग्दर्शन, प्रॉम्प्टिंग, ऐनवेळी कुणी आजारी पडला तर त्याचं काम, सगळं मामांकडं. तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर त्यांनी एक भूमिका केली होती. प्रयोगानंतर एका परीक्षकांनी त्यांना बाजूला घेऊन पुण्याला यायला सांगितलं. मामांनी नोकरी सोडली नाही. ती गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्यानं काढत नाही. मी मुंबईला जाते म्हटलं तेव्हा सगळं घर एका बाजूला आणि मामा एकटे माझ्या बाजूला होते, त्याचं कारण तेच. आणि आता मी इकडंच राहून काम करायचं म्हणत होते, तर मामाच माझ्यासमोर उभे.

जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो ते जत्रेतले दिवे विझेपर्यंत. जे बोललो ते जसं आठवतं तसं लिहिते आहे. मला त्यातलं काहीच हरवू द्यायचं नाही.

"बग पोरी," मामा म्हणाले, "कृष्णा म्हैसाळला वाहती. पाणी खाली, आपण वर. पंप लावून टप्प्याटप्प्यानं उचललं तेव्हा कुठं या दुष्काळी पट्ट्याला ते दिसलं. आन् आपल्या पूर्व भागाला त्यासाठीबी किती वर्षं ओरडावं लागलं. नटाचं तेच. कुणीतरी उचलावं लागतं. इथं बसून कोण उचलणार तुला?"

"सांगली नाट्यपंढरी म्हणता ना तुम्ही?"

"म्हणतो की. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तर तो मराठी रंगभूमी दिन. दर साली त्या दिवशी सांगलीत भावे गौरवपदक देत्यात. मी कितीदा गेलोय त्या सोहळ्याला. पदक घ्यायला येणारे कुठनं येत्यात? मुंबई, पुणे. आन् सांगली आपल्यापास्नं नव्वद किलोमीटर. नाटक बघून परत यायला रात्री गाडी मिळत न्हाई."

मी त्यांना भाव्यांच्या गोष्टीची आधीची बाजू आठवून दिली. 'सीता स्वयंवर'च्या आधी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते बघून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या भाव्यांना तसलं काही मराठीत करायला सांगितलं. म्हणजे मराठी नाटकाची ठिणगी कन्नड मुलखातून आली, आणि आम्ही त्याच मुलखाच्या उंबऱ्यावर राहतो.

मामांनी मान हलवली, पण सोडलं नाही. "पुढचं सांग की. १८५१ ला आप्पासाहेब गेले. आश्रय गेला. मग भाव्यांना कंपनी घेऊन पोटासाठी गावोगाव फिरावं लागलं, आन् १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाचा पहिला माणूस, त्यालाबी दहा वर्षांच्या आत मुंबई गाठावी लागली. तू कोण लागून गेलीस न जायला?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी त्यांना मुंबई सांगितली. फोनवर कधी सांगितली नव्हती तशी.

अंधेरीत वर्सोव्याला आराम नगर म्हणून भाग आहे. जुनी बैठी घरं, त्यांतच कास्टिंगची ऑफिसं. सकाळी दारात रांग लागते. एक मुलगा बाहेर येऊन चेहरे बघत जातो आणि ज्याच्याकडं बघून 'नॉट फिट' म्हणतो त्यानं रांग सोडायची. आत गेलं की इंट्रो द्यायचा: नाव, वय, उंची, गाव. डावीकडून चेहरा, उजवीकडून चेहरा, दोन्ही हात पुढून-मागून. मग चार ओळी, समोर क्यू द्यायला कुणीतरी मान खाली घालून कागद वाचणारा. 'थँक यू, कळवतो.' चारकोपला एका खोलीत आम्ही पाच मुली राहत होतो, पाचही जणी एकाच भूमिकेसाठी जाऊन आलोय असंही झालं. मी वहीत मांडून ठेवायचे. एकशे चाळीस ऑडिशन झाल्या तेव्हा वही बंद केली.

"आन् कामं?"

"सहा. दोनदा नर्स. एकदा लग्नात वाढणारी. एका मालिकेत पाच दिवस मोलकरीण, त्यात बोलायच्या ओळी अकरा. पैसे नव्वद दिवसांनी. तोवर भाडं कशातनं भरायचं, तर सकाळी एका क्लासात फोन घ्यायचं काम करायचे."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकशे चाळीस जणांनी तुला बघितलं. मला जन्मात एकानं बघितलं."

हे वाक्य मी अजून बाजूला ठेवू शकलेले नाही. माझ्या लेखी ते एकशे चाळीस नकार होते. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या लेखी ती एकशे चाळीस दारं होती, आणि ती उघडली तरी होती.

तरीही मी वाद घातला, कारण 'बघणं' म्हणजे काय यावरच आमचं जुळत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, त्या खोलीत कुणी मला बघत नव्हतं. उंची, रंग आणि वय जुळतंय का तेवढं बघत होते. ज्यांना खरंच कुणी बघितलं ते त्या वेळी दुसरंच काहीतरी करत होते. करमाळ्याजवळ केमचा सोमनाथ अवघडे हलगी वाजवत होता. नागराज मंजुळेंनी त्याला तिथं हेरलं, आणि 'फँड्री'साठी त्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रिंकू राजगुरू अकलूजला शाळेत होती."

"मंजुळे जेऊरचे. केम तिथनं कितीसं लांब? आपल्या मातीतल्या माणसानं आपलं पोरगं वळखलं. जतला मंजुळे कुठाय?" मामा पुढं झुकले. "आन् दुसरं सांगू? केममध्ये हलगी वाजवणारी अजून पोरं असतील की. त्यांचं नाव तुला ठावं हाय का? जो दिसला त्याची गोष्ट आपण सांगतो. न दिसलेल्याची गोष्टच नसती. मी हाय बग इथं बसलेला."

मी सयाजी शिंदेंचं नाव घेतलं. साताऱ्याजवळ वेळे-कामथीचा शेतकऱ्याचा मुलगा. पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी करत नाटकं केली. १९८७ मध्ये वामन केंद्रेंनी 'झुलवा' बसवलं, उत्तम बंडू तुपेंच्या कादंबरीवरून. जोगत्या-जोगतिणींचं ते नाटक. त्यातल्या कामानं लोक या माणसाबद्दल बोलायला लागले. पण हिंदीत 'शूल'मधला बच्चू यादव झाला १९९९ मध्ये. मधली बारा वर्षं मोजायला हवीत. नोकरी आणि नाटक दोन्ही हातात धरून त्यांनी जो काळ काढला, तो मुलाखतीत एका वाक्यात संपतो, जगायला मात्र तेवढाच लागतो. डॉ. श्रीराम लागूही साताऱ्यात जन्मलेले. कान-नाक-घशाचे सर्जन होते, आफ्रिकेतही त्यांनी प्रॅक्टिस केली, आणि पूर्ण वेळ रंगभूमीवर आले ते १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. निळू फुले पुण्यात माळीकाम करत सेवादलाच्या कलापथकात होते. "या तिघांच्याही हातात दुसरं काम होतं मामा. पोट भरलेलं होतं म्हणून नकार पचले. माझ्या खोलीतल्या पोरी उपाशीपोटी ऑडिशनला जायच्या आणि ते चेहऱ्यावर दिसायचं. भूक कॅमेऱ्याला लगेच कळते."

"नोकरी माझ्याबी हातात होती," मामा हळूच म्हणाले. "त्या नोकरीनंच मला धरून ठेवलं. लागूंना सोडता आली. सगळ्यांना येती का?"

इथं मला पैशाचं सांगावं लागलं. मुंबईत पहिल्याच महिन्यात एकानं पोर्टफोलिओ आणि कार्ड काढून देतो, कामं लागतील म्हणून पंचवीस हजार मागितले. मी बारा दिले. कार्ड आलं नाही, माणूस फोन उचलेना. ते बारा हजार मामांनी डाळिंबाच्या पट्टीतून दिलेले होते. चौदा महिने मी हे लपवलं होतं. मामांना राग आला तो पैशाचा नव्हता. "मला का न्हाई बोललीस?" एवढंच म्हणाले. इथं वाचणाऱ्या कुणा मुलीला उपयोग झाला तर व्हावा म्हणून लिहिते: काम देण्याआधी जो पैसे मागतो तो काम देणारा नसतो. फोनवरच्या कॅमेऱ्यानं, साध्या भिंतीसमोर, उजेड समोरून घेऊन काढलेली स्वच्छ फीत आज कोणत्याही ऑफिसात चालते. क्यू देणाऱ्याला कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभं करायचं आणि लेन्सकडं न बघता त्याच्याकडं बघायचं. याला बारा हजार लागत नाहीत.

जत्रेकडून हलगीचा आवाज आला. कुणाच्या तरी डोक्यावरून देवीचा जग देवळाकडं निघाला असावा. मामांनी तिकडं बोट केलं.

"'जोगवा' बघितलास न्हवं? उपेंद्र लिमयेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लई चांगलं काम, मी दोनदा बघितला. त्यातली एक कथा आपल्या शेजारच्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या चारुता सागरांची. देवी आपली, जोगती आपले, दुःख आपलं, कथाबी आपल्याकडची. पडद्यावर मोठं काम करणारा आपला कोण? आपली माणसं गर्दीत. मला ते टोचतं. म्हणून म्हणतो, जा आन् गर्दीतनं पुढं ये."

"गर्दीतनं पुढं यायचं तर बोलावं लागतं, आणि माझं बोलणंच त्यांना चालत नव्हतं." हा विषय निघाला की मला थांबता येत नाही. एका ठिकाणी सांगितलं, उच्चार गावाकडचे आहेत, शुद्ध करा. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, जरा गावरान करा. मी आमच्याकडं बोलतात तसं बोलले, 'काय करालीस, कुठं निघालीस', वाक्याच्या शेवटी कन्नडचा हेल. तर म्हणाले, असं नको, ते मालिकेत असतं तसं. मालिकेतलं गाव कुठल्याच तालुक्यात नाही. कोरेगावचं बोलणं वेगळं, शिराळ्याचं वेगळं, उमदीचं तर अर्धं कन्नड. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडं चित्रित झाली, लिहिणारे वाईचे तेजपाल वाघ, नायक साताऱ्याचा नितीश चव्हाण, आजूबाजूला कितीतरी स्थानिक कलाकार, तेव्हा साताऱ्याचं बोलणं घरोघरी गेलं. 'गावाकडच्या गोष्टी' ही यूट्यूबवरची मालिकाही त्याच जिल्ह्यात झाली. "म्हणजे होतं ना मामा. कॅमेरा घरी येतो. पण आधी घरात कुणीतरी काहीतरी करत असावं लागतं. कवलापूरचे काळू-बाळू काम मागायला कुठं गेले? स्वतःचा फड घेऊन अख्खा महाराष्ट्र फिरले."

"मग कर की इथं. कोण नको म्हणतंय?"

आणि तेव्हा, ठरवलेलं नसताना, माझ्या तोंडून ते गेलं. "तुम्हीच नको म्हणालात."

मामांनी माझ्याकडं बघितलं.

आमच्या गावच्या नाटकात बाई नेहमी बाहेरची असायची. नाटकाच्या दिवशी दुपारच्या एसटीनं मिरजेहून दोघी यायच्या, नाइट ठरलेली. संध्याकाळी एकदाच रंगीत तालीम, आणि रात्री त्या आमच्या गावच्या पुरुषांच्या बायका, बहिणी, आया होऊन उभ्या राहायच्या. शाळेच्या चौथीच्या वर्गात त्यांचा मेकअप चालायचा. मी खिडकीच्या गजांना धरून बघायचे. त्यांतल्या एकीनं एकदा मला आत बोलावून हातात आरसा धरायला दिला होता. पावडरीचा वास, तिच्या मानेवरचा घाम, आणि ओठ हलवत ती नुसतीच म्हणत असलेले संवाद. त्या संवादांपैकी प्रत्येक मला पाठ होता, कारण महिनाभर मामांच्या घरी तालमी चालायच्या आणि बाईच्या जागी कुणीतरी पुरुष कागद वाचायचा. मी पंधरा वर्षांची असताना एकदा म्हटलं होतं, मामा, मी वाचू का? ते म्हणाले होते, तू चहा बघ.

"कॉलेजात गेल्यावर शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात मी मूकनाट्य केलं, एकांकिका केली, तेव्हा परक्या गावच्या लोकांनी मला पहिल्यांदा बघितलं. तुम्ही बघितलं नाही. तीस वर्षांत गावातली एकसुद्धा बाई तुम्ही स्टेजवर घेतली नाही. आणि आता मला म्हणता, इथं कोण बघणार?"

मामींनी आतून भांडी घासायची थांबवली. ते मला ऐकू आलं.

मामांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग जे बोलले ते त्यांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला नाही, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. "भ्यालो," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, पोरीचं लग्न कोण करंल? मला तिला उत्तर देता आलं न्हाई. मिरजेच्या त्या बायका जत्रा संपली की जायच्या, गावात त्यांना कुणी नावं ठेवली तरी त्या ऐकायला नसायच्या. तू इथंच राहणार होतीस. तुझी आई इथंच राहणार होती." आणि थोड्या वेळानं, "तुला संवाद पाठ होते हे मला ठावं होतं. चहा ठेवताना तू पुटपुटायचीस. मी ऐकायचो."

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. बघूनही पुढं बोलावलं नव्हतं. ज्या परीक्षकांनी मामांना पुण्याला बोलावलं त्यांनी निदान बोलावलं तरी. मी हे त्यांना म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावर ते पोचलेलं होतं. त्यांनी मला मुंबईला का लावलं हेही मला त्या क्षणी समजलं. जे दार स्वतःच्या घरात उघडता आलं नाही, ते त्यांनी सहाशे मुलींच्या रांगेत माझ्यासाठी शोधलं.

बऱ्याच वेळानं मामींनी चहा आणला आणि त्या आमच्याजवळ पायरीवर टेकल्या. मामी उमदीकडच्या, माहेरचं बोलणं कन्नड. माझंही अर्धं बालपण त्यांच्याशी कन्नड बोलण्यात गेलं. मी माझ्या मनातलं सांगितलं. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सागरजवळ हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये 'निनासम' ही संस्था सुरू केली. १९८० पासून तिथं नाट्यशिक्षण केंद्र आहे, वर्षभर तिथंच राहून शिकायचं. १९८५ पासून त्यांची 'तिरुगाट' ही फिरती मंडळी कर्नाटकभर प्रयोग करत हिंडते. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे मिळालं. सुपारीच्या बागांमधलं एक खेडं, आणि तिथून नट तयार होऊन बाहेर पडतात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पण तिथं पदवीबरोबर नाटकांचा अनुभव दाखवावा लागतो, माझ्याकडं तो अजून तोकडा आहे. पुण्याचं ललित कला केंद्र आहे, त्याचीही माहिती काढते आहे. पण मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी नटी सांगली जिल्ह्यात जन्मली आणि तिनं एकच दार ठोठावत बसावं, हे मला पटत नाही. सयाजी शिंदेंनी २००० मध्ये तमिळ 'भारती'त कवी सुब्रमण्य भारतींची भूमिका केली. भाषा त्यांना येत नव्हती. मला तर एक भाषा फुकट मिळालेली आहे.

"कन्नड वाचता येतं का तुला?" मामांनी विचारलं. मास्तर जागे झाले होते.

"नाही. बोलता येतं."

"मग संहिता कशी वाचणार?"

मामी म्हणाल्या, त्यांच्या चुलतभावाची मुलगी संखकडं कन्नड शाळेत शिकवते. दोन महिन्यांत अक्षरं होतील, पोरगी हुशार आहे. मामांना ते आवडलं नाही, स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या मनात अजून दादर स्टेशन होतं. वर्षभर तिथं, मग परत पहिल्यापासून, वय निघून जाईल, कुठं जंगलात जाऊन बसणार, हे सगळं त्यांनी बोलून घेतलं. त्यांच्या भीतीत खोटं काही नव्हतं. वयाचं तर मलाही वाटतं.

जत्रेतला पाळणा थांबला होता. मामा उठले, भिंतीवरच्या खिळ्याची पिशवी काढली आणि तिच्यात चष्मा ठेवला.

"संखची पहिली गाडी किती वाजता सुटती?" त्यांनी मामींना विचारलं.

"सातला."

"मग झोप आता," ते मला म्हणाले. "आन् परतीला स्टँडवर उतरलो की मुंबईचंबी तिकीट काढून ठेवायचं. ते मी सोडलेलं न्हाई."